उद्दिनवड्यातली धनक्का

हेब्बाळच्या तळ्याच्या अलीकडे घरांचा जो लेआउट आहे, तिथल्या पार्कात गेल्या वर्षी शिल्पं आणून ठेवली. शेपटीवर उभा राहिलेला दगडी मासा, गंजलेल्या सळयांचे कावळे, डोकं नसलेला पण मांडी घालून अगदी निवांत बसलेला एक माणूस, आणि या सगळ्यांच्या मधोमध, नेमका चालण्याच्या वाटेवर, ग्रॅनाइटचा एक अवाढव्य धोंडा. धोंड्याला आरपार भोक. बाहेरून तो खडबडीत, करडा. भोकाच्या आत मात्र इतका गुळगुळीत, की सकाळचं ऊन आत शिरलं की बाहेर यायचं विसरून जाई. शिल्पकारानं त्याला 'पोकळी' असं नाव दिलं होतं. पार्कानं पहिल्याच आठवड्यात त्याचा उद्दिनवडा करून टाकला. इडलीबरोबर येतो तोच, मेदूवडा. बेंगळुरात राहून भोक असलेल्या गोल वस्तूला दुसरं काही म्हणावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

विश्वासराव मोहित्यांना हा वडा पहिल्या दिवसापासून पचला नव्हता.

मोहिते बेंगळुरातले इतके जुने, की आपण इथे कधी आलो आणि कुणाच्या फौजेबरोबर आलो याबद्दल घरातच दोन मतं होती. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दाराच्या उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. विश्वासराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि पार्कातल्या सकाळी चालणाऱ्यांच्या संघाचे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. सरळ होता. इतका सरळ, की त्यांना वाटसुद्धा सरळच लागायची. आणि वड्यामुळे ती वाकडी झाली होती. धोंडा आला तसा वाटेला एक वळसा आला, आणि त्या वळशापाशी आलं की विश्वासरावांची लय तुटायची आणि रोज नव्यानं डोकं तापायचं.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी शिल्पकाराला सरळच विचारलं होतं, "हे नक्की काय आहे?"

शिल्पकार महांतेश निपाणीकडचा. बोम्मसंद्र्याच्या एका भाड्याच्या शेडमध्ये दगड फोडायचा. दाढीत कायम पांढरी भुकटी. इतक्या लोकांसमोर बोलायची वेळ आल्यामुळे तो बिचारा लाजला आणि म्हणाला, "तुम्हीच बघा की सार, काय दिसतंय ते."

विश्वासरावांना तो उर्मटपणा वाटला. त्या दिवसापासून त्यांनी अर्जांचा जो धडाका लावला, तो थेट पार्काच्या कचेरीतली इंजिनीअर अनुषा कंटाळून "गुरुवारी सकाळी येऊन बघते" म्हणेपर्यंत. धोंडा लोकांना नडतोय असं दिसलं, तर क्रेन लावून गोदामात टाकू, असंही ती म्हणाली. विश्वासराव त्या दिवशी दोन चपात्या जास्त जेवले.

त्यांची बायको धनलक्ष्मी. सगळा लेआउट तिला धनक्का म्हणायचा. साठी ओलांडलेली, अंगानं चांगली भरलेली, आणि आतून सतत उकळी फुटत असलेली बाई. माहेरी, चिकपेटेत, ती हसायला लागली की समोरच्या साडीच्या दुकानातून "साकु, धना, साकु!" अशी आरोळी यायची. पुरे, धना, पुरे. लग्न झालं ते विश्वासरावांशी, जे लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पासपोर्टच्या फोटोतल्यासारखे दिसतात. त्यांनी तिला कधी हसू नको म्हटलं नाही. पण समोरचा माणूस हसतच नसला, की आपलं हसू एकटं पडतं. मग धनक्का स्वयंपाकघरात जाऊन, तोंडावर पदर धरून, कुकरच्या शिट्टीच्या आडोशानं हसून घ्यायची.

तिला वडा आवडायचा. नवरा वळशावर थांबून आपल्या मित्राला, श्रीवत्सला, वड्याचे दोष समजावून सांगत असे, तेव्हा ती मागच्या मागे भोकात हात घालायची. आत गारवा असायचा. दुपारी तिथे एक मांजर झोपायचं. संध्याकाळी कॉलेजच्या मुली त्या भोकात पाय वर घेऊन, खिडकीत बसल्यासारख्या बसायच्या. धनक्का त्यांच्याकडे बघत राहायची. आपल्याला कोण बसू देणार? आणि आता गुरुवारनंतर तर वडाच राहणार नव्हता.

गुरुवारी ती उजाडता उजाडता उठली. "फुलं संपलीत, गंगव्वाकडून घेऊन येते," असं झोपलेल्या नवऱ्याला सांगितलं, जांभळ्या सिंथेटिक साडीवर स्वेटर चढवला, पायांत चालायचे बूट घातले आणि निघाली. गंगव्वा पार्काच्या फाटकाशी फुलं विकायची. ती अजून मोगऱ्याचे गजरे गुंफत होती. धनक्का तिला "आलेच" म्हणून तशीच आत गेली.

पार्कात चिटपाखरू नव्हतं. म्हणजे चिटपाखरं होती, माणसं नव्हती. धनक्कानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डोकं नसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि वड्याकडे पाठ करून टुणकन उडी मारली. पहिली उडी फसली. दुसऱ्या उडीला बूड कडेवर टेकलं.

काय सुख होतं ते! बुडाखाली गार दगड, पाय हवेत, समोर माशाच्या डोक्यावर मैना. साठ वर्षांत आपले पाय जमिनीवर नसताना आपण इतक्या खुशीत कधी होतो, हे तिला आठवेना. तिनं पाय हलवले. आणखी जोरात हलवले. मग त्या मुली बसतात तसं पाय वर घ्यावेत म्हणून ती जराशी मागे रेलली.

भोक मागच्या बाजूला उतरतं होतं. मधे ते अरुंद होत जात होतं. आणि आतल्या झिलईवर सिंथेटिक साडी म्हणजे डांबरी रस्त्यावर केळ्याची सालं. धनक्का सुर्रकन मागे सरकली, बूड पलीकडे गेलं, पाय अलीकडे वर आले, आणि सगळी धनक्का मधोमध घट्ट बसली. नाकासमोर तिचेच दोन बूट.

तिनं सुटायचा प्रयत्न केला. हलेना. तिनं बुटांकडे पाहिलं. डावा बूट तिच्याकडे बघून जणू मान हलवत होता. आणि तिला हसू फुटलं.

हे स्वयंपाकघरातलं हसू नव्हतं. हे चिकपेटेतलं होतं. ते पोटातून उठलं, दगडाच्या गोलात घुमलं आणि दुप्पट होऊन तिच्याच कानात परत आलं. ते ऐकून तिला आणखी हसू आलं. मैना उडून गेली.

आवाज ऐकून गंगव्वा परडी घेऊन धावत आली. "अय्यो, धनक्का! हे काय हो?"

"फुलं... फुलं घ्यायला..." धनक्काला पुढे बोलता येईना.

"इथं?" गंगव्वा म्हणाली आणि तीही गेली कामातून. तिनं धनक्काचे हात धरले आणि ओढायला लागली. पण हसणाऱ्या बाईनं हसणाऱ्या बाईला ओढायचं म्हणजे दोघींच्याही हातांत लोणी. शेवटी गंगव्वा गवतावर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "साहेबांना बोलावू?"

"नको, नको! कुणालाही बोलाव, आमच्या ह्यांना नको!"

तेवढ्यात महांतेश आला. त्याला पाहणीचं कळलं होतं. रात्रभर झोप नसल्यामुळे, निदान एकदा शेवटचं बघून घेऊ म्हणून तो पहिल्या बसनं बोम्मसंद्र्याहून आला होता. चेहरा मयताला आल्यासारखा. आणि बघतो तर त्याच्या दगडातून दोन बूट आणि एक लालबुंद, पाणावलेलं, हसणारं तोंड बाहेर आलेलं.

तो जवळ येऊन वाकून म्हणाला, "दुखतंय का अक्का?"

"छे! मज्जा वाटतेय."

"आत कसं वाटतंय?"

धनक्कानं हसू आवरायचा प्रयत्न करत नीट विचार केला. "माठात बसल्यासारखं वाटतंय बघ. गार. आणि स्वतःचाच आवाज असा गोल होऊन येतोय."

महांतेशच्या दाढीतली भुकटी हलली. "आतनं मी हातानं घासलाय ओ तो. मशीन लावलं नाही. एवढे दिवस झाले, आत कसं हाय म्हणून एक माणूस इचारत नव्हता. वडा म्हणतात, फोटो काढतात, जातात." मग त्याला परिस्थितीची आठवण झाली. "सुटायचं सोपं हाय अक्का. वरची कड दोन्ही हातांनी धरायची, सगळा श्वास सोडायचा, पोट आत घ्यायचं आन् उठायचं. फक्त हसायचं नाही. हसलात की पोट फुगतंय आन् हातातला जोर जातोय."

"सरी, सरी, बरं," धनक्का म्हणाली. तिनं कड धरली. श्वास सोडला. पोट आत घेतलं. समोर डावा बूट. "फिस्स्" असा आवाज आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि नेमक्या त्याच वेळी वड्याच्या मागच्या बाजूनं संघ आला. पुढे माकडटोपी घातलेले विश्वासराव, बाजूला 'वाट मोकळी करा' असा कन्नडमधला फलक धरलेला श्रीवत्स, मागे सगळी चालणारी मंडळी, आणि मधे हातात हेल्मेट घेतलेली तरुण अनुषा. त्यांना वड्याची मागची बाजू दिसत होती. म्हणजे त्यांना वड्यातून बाहेर आलेला जांभळ्या साडीचा एक मोठा, गोल, हलणारा गोळा दिसत होता.

विश्वासराव थबकले. मग त्यांचा चेहरा विजयानं उजळला.

"बघा मॅडम! बघा! मी लिहिलं होतं का नव्हतं? हा धोका! कुणीतरी मूर्ख बाई जाऊन बसली आत. कुठल्या घरची आहे कोण जाणे. अशा बायकांना घरचे सोडतात तरी कसे? नवऱ्याचं लक्ष नको?"

पलीकडून आलेलं हसू आता किंकाळीच्या जवळ पोचलं होतं.

"आणि वर हसतेय!" विश्वासराव म्हणाले. "लाज नाही!"

श्रीवत्स आपल्या फलकाआडून हळूच म्हणाला, "विश्वास, ही साडी... आपल्या गृहप्रवेशाला..."

जांभळ्या गोळ्याकडे विश्वासरावांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी वड्याला आपण होऊन वळसा घातला. समोर आले. बायको त्यांच्याकडे दोन बुटांच्या मधून बघत होती.

"फुलं?" ते म्हणाले.

बस, एवढंच म्हणाले. पण गंगव्वा गवतावर आडवी झाली.

अनुषानं पुढे येऊन सगळं पाहिलं. ती ओठ चावत होती, पण अधिकारीपणा सोडला नाही. "सार, घाबरू नका. अग्निशामकला फोन करते. ते कटर आणतील. दगड कापून मोकळं करू."

महांतेशच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो बाजूला सरकला. माणसापुढे दगडाचं काय, असं त्याला वाटलं असावं. विश्वासराव काही म्हणणार, तेवढ्यात धनक्काच ओरडली, "काही कापायचं नाही! कुणी हात लावला तर बघा! मी सुटते की. स्वल्प हसू थांबू दे माझं."

"मग थांबव!" विश्वासराव म्हणाले.

"थांबत नाही ना!"

"सार, तुम्ही काहीतरी गंभीर बोला त्यांच्याशी," अनुषा म्हणाली.

गंभीर बोलणं हा विश्वासरावांचा हातखंडा. त्यांनी माकडटोपी नीट केली, हात मागे बांधले आणि बायकोसमोर उभे राहिले. "माझी शुगर वाढली आहे," ते म्हणाले. ती हसली. "मोटर चालू राहिली आहे. टाकी वाहत असेल." ती जोरात हसली. "सुचेताताई पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे. सगळा महिना." सुचेताताई म्हणजे विश्वासरावांची थोरली बहीण, जिच्यासमोर धनक्काला तीस वर्षं पदरसुद्धा सरळ करता आला नव्हता. धनक्का क्षणभर थांबली. महांतेश पुढे सरसावला. मग धनक्काच्या डोळ्यांसमोर सुचेताताई या भोकात बसलेल्या आल्या, आणि ती इतकी हसली, की दगडाच्या खाली झोपलेलं मांजर उठून चालतं झालं.

आता सगळेच हसत होते. श्रीवत्सचा फलक खाली पडला होता. मागून येणारे लोक काय झालं म्हणून विचारत, आणि सांगणाऱ्याला सांगता येत नसल्यामुळे नुसतेच हसायला लागत. अनुषा हेल्मेट तोंडावर धरून झाडाकडे तोंड करून उभी होती. न हसणारे दोघेच उरले. एक, डोकं नसलेला माणूस. दुसरे विश्वासराव.

ते घामाघूम झाले होते. त्यांना राग आला होता, लाज वाटत होती, आणि थोडी भीतीही. बाई हसून हसून गुदमरली तर? ते अगदी जवळ गेले, वाकले आणि कळवळून म्हणाले, "धना, ऐक माझं. मन दुसरीकडे लाव. नाव घे. नाव घे बघू पटकन!"

त्यांना देवाचं नाव म्हणायचं होतं.

धनक्कानं एक मोठा श्वास घेतला, डोक्यावरून पदर सारखा केला, म्हणजे निदान तसा हात केला, आणि बोहल्यावर उभी असल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"दगडाच्या वड्याला ना तेल ना मीठ,
विश्वासरावांचं नाव घेते, अडकलेय मी नीट!"

विश्वासरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या छातीत कुठेतरी खर्रर्र झालं, जुन्या स्कूटरला किक मारल्यावर होतं तसं. पुन्हा खर्रर्र. लोक घाबरले. श्रीवत्स "पाणी, पाणी" म्हणाला. आणि मग ती स्कूटर सुरू झाली. विश्वासराव हसले. खो खो, आडवे तिडवे, गुडघ्यावर हात मारत, माकडटोपी डोळ्यांवर घसरली तरी हसतच.

धनक्का बघत राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाच्या वरच्या दातांत एक फट आहे, हे तिला माहीत नव्हतं. तिचं हसू जागच्या जागी विरलं. तोंडाचा चंबू, डोळे मोठे, हूं नाही की चूं नाही.

"आत्ता!" महांतेश ओरडला. "अक्का, श्वास सोडा! धरा कड! उठा!"

तिनं कड धरली. महांतेशनं एक दंड धरला, गंगव्वानं दुसरा. मागून अनुषानं "ओंदु, एरडु, मूरु!" म्हणत दोन्ही हातांनी ढकललं. आतल्या झिलईनं जसं तिला गिळलं होतं, तसंच सुळकन परत दिलं. धनक्का बाहेर आली ती थेट नवऱ्याच्या अंगावर, आणि दोघंही गवतात बसले. पार्कात टाळ्या वाजल्या.

लोक पांगल्यावर अनुषानं आपलं काम काढलं. "तर सार, तक्रार काय होती?"

विश्वासरावांनी डोळे पुसले, कपडे झटकले, घसा साफ केला. "वाट," ते म्हणाले. "वाट वाकडी..." आणि त्यांना पुन्हा हुंदक्यासारखं हसू आलं. "वाट वाकडी आहे. राहू दे स्वल्प वाकडी."

"म्हणजे तक्रार मागे घेता?"

"घेतो. पण मॅडम, म्हाताऱ्या माणसांना चढायला एक पायरी पाहिजे तिथं. आणि ते भोक मागनं जरा..."

"भोक तसंच राहणार," महांतेश म्हणाला. हे मात्र त्यानं न लाजता सांगितलं. मग धनक्काकडे वळून म्हणाला, "पायरी करतो अक्का. तुमच्या मापाची."

"आणि बसायचं कसं ते आधी शिकव," धनक्का म्हणाली.

घरी येईपर्यंत तिची कंबर धरली. दुपारी ती गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर पडून होती. विश्वासराव दोनदा खोलीत डोकावून गेले. तिसऱ्यांदा आले ते हातात चहाचे कप घेऊन. चहा त्यांनी स्वतः केला होता. ते रंगावरून कळत होतं. ते खुर्चीवर बसले. मग ओठ हलवत काहीतरी जुळवू लागले.

"काय पुटपुटताय?" धनक्कानं विचारलं.

"काही नाही. म्हटलं, पुरुषांनीही नाव घ्यायला काय हरकत आहे?" त्यांनी घसा खाकरला. "कपात चहा, चहात... चहात काय असतं?"

"अहो, नका ना," ती पिशवी कंबरेला घट्ट दाबून म्हणाली. "हसले की कळ येते."

"चहात साखर," विश्वासराव अतिशय गंभीरपणे पुढे म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघत यमक शोधू लागले.